छपरावर माणूस असताना

"ओय!" वरून हाक आली.

"आहे, आई!" अंगणातून नेनिताने ओ दिली.

छपरावर सासू बर्फ ढकलत होती, खाली सून तो ओढ्याकडे लोटत होती. वरच्याने हाक द्यायची, खालच्याने ओ द्यायची. हाक थांबली की धावायचं. बर्फाबद्दल तोमेने सुनेला सांगितलं होतं ते एवढंच. एरवी टोमण्यांपलीकडे दोघींत बोलणं नसे. तोमेचा मुलगा कात्सुजी गावातल्या सगळ्या तरण्या पुरुषांसारखा हिवाळाभर तोक्योला बांधकामावर होता, आणि डोंगरातल्या या घरात दोन बायका आणि बर्फ.

नेनिताचा हा पहिलाच हिवाळा. फिलिपिन्समधल्या तिच्या गावात वरून पडायचा तो पाऊस, नाहीतर नारळ.

सकाळी वर चढण्याआधी तोमेने पेटती लोखंडी चूल राख टाकून विझवली होती. म्हातारी चिक्कू, नेनिताला वाटलं. लाकडं वाचवते. पण सत्तरीची बाई तीन तास वाऱ्यात उभी राहणार, आणि उतरल्यावर घोटभर गरम नाही? मघाशीच नेनिता हळूच आत गेली होती. चूल पेटवली, दोन जाड ओंडके घातले, वर सूपचं भांडं ठेवलं.

आता पत्र्याच्या कडेने थेंब गळू लागले. एक, दोन, मग माळच. नेनिता वळचणीखाली जाऊन वर बघत राहिली. हरखली.

"आई! आपोआप वितळतंय!"

वरचं फावडं थांबलं. "काय?"

"बर्फ! पाणी होतंय त्याचं! तुमचे कष्ट वाचले!"

छपराचा कणा तोमेच्या हाताशी होता. तो धरायचा सोडून ती घसरत कडेपर्यंत आली आणि तिने खाली वाकून पाहिलं.

"बाजूला हो! वळचणीखालून बाजूला हो, पोरी!"

पत्रा कण्हला. नेनिताने लाकडांच्या राशीकडे उडी घेतली, आणि तिच्या पाठीमागे छपराने अंग झाडावं तसा वरचा सगळा बर्फ खाली आला.

मग सगळं पांढरं. सगळं गप्प.

"ओय!" नेनिता ओरडली. "आई, ओय!"

ओ आली नाही.

माणसाहून उंच ढिगातून फावड्याचा दांडा वीतभर वर आला होता. ती तिथेच तुटून पडली. भिजून जड झालेले हातमोजे तिने फेकून दिले आणि नुसत्या हातांनी बर्फ उपसू लागली. वरचा भुसभुशीत होता, खालचा विटेसारखा. नखं उलटली. ढिगावर लाल ठिपके पडले.

"बोला की! रोज टोमणे मारता, आज मारा ना! भात करपवला म्हणा, कपडे नीट पिळत नाही म्हणा! चिक्कू म्हातारी! ऐकू येतंय का?"

आधी डोक्याचा रुमाल लागला. मग कपाळ. चेहरा निळा पडला होता, तोंडात बर्फ ठासला होता. नेनिताने बोटं घालून तो काढला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा तोमेने तिच्या बोटाला करकचून चावा घेतला, आणि श्वास ओढला.

तेवढ्यात धडाम ऐकून ओढ्यापलीकडचा म्हातारा गेनझो धापा टाकत आला. "तोमेवहिनी! जिवंत आहेस ना?"

"नसते तर..." तोमेला खोकला आला. "तुला बरंच झालं असतं. माझं शेत लागून आहे तुझ्या शेताला."

दोघांनी तिला ओढून बाहेर काढलं. गेनझोची नजर वर गेली. धुराड्यातून सरळ, निळी रेघ चढत होती.

"वर माणूस असताना खाली विस्तव?" तो सावकाश म्हणाला. "पत्रा तापला की बर्फ सुटतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. हिने चूल पेटवली ना?"

सकाळची ती राख नेनिताला आत्ता कळली.

"मी कात्सुजीला तेव्हाच म्हणालो होतो. उन्हाळी मुलखातली बायको या डोंगरात नको. परत धाड हिला, वहिनी. नाहीतर आज ना उद्या ही तुझा जीव घेईल."

"मी..." नेनिताने तोंड उघडलं.

"मी पेटवली," तोमे म्हणाली.

"तू?"

"मीच. विसरले विझवायला."

"पन्नास हिवाळ्यांत कधी विसरली नाहीस ती?"

"आज विसरले. म्हातारी झाले, आता काय गावात दवंडी पिटू? पाय लचकलाय, भावजी. खांदा दे, चौकशा मागाहून कर."

गेनझोने तिला आत नेऊन टेकवलं, सुनेकडे एकदा रोखून पाहिलं, आणि हाडवैद्याला आणायला निघून गेला.

आत सूप उकळून भांड्याबाहेर सांडत होतं. नेनिता थरथरत चुलीपाशी गेली. बोटांचं लाकूड झालं होतं. तिने ती जाळासमोर धरली.

फाडकन चापट बसली. तोमे सरपटत येऊन पोहोचली होती.

"बर्फानं गोठलेले हात विस्तवाला दाखवायचे नसतात. मरतात ते."

तिने कापूस भरलेल्या अंगरख्याचे बंद सोडले, सुनेचे दोन्ही रक्ताळलेले हात ओढले, आणि आपल्या काखांत घट्ट दाबून धरले. थंडीने ती स्वतःच कळवळली, पण सोडले नाहीत. नेनिताचं तोंड तिच्या खांद्यावर आलं. तिथेच ती रडू लागली.

"रड नंतर. आधी ऐक," तिच्या केसांत तोमे म्हणाली. "रात्री पडलेला बर्फ हलका असतो. सकाळचा जड. आणि दुपारी वारा फिरला, की..."

बाहेर पुन्हा भुरभुर सुरू झाली होती. म्हातारी एकेक सांगत होती.