दर दिवाळीला उजळलेला चेहरा

“हार सुकत चाललाय वहिनी, आणि दादाचा फोटो काही तुमचा ठरेना,” कुमुदची नणंद तिच्या कानाशी कुरकुरली.

स्टुडिओतल्या पडद्यावर कुमुदच्या गेलेल्या नवऱ्याचे तीन चेहरे होते, तिन्ही लख्ख. एकात तीळ डाव्या गालावर, दुसऱ्यात उजव्या, तिसऱ्यात नव्हताच. निवडाल तोच चेहरा घरातल्या सगळ्या फोटोंत आपोआप उतरणार होता, अगदी लग्नाच्यासुद्धा. दर दिवाळीला घर झाडल्यावर घरचे लोक फोटोही इथल्या संगणकावर असेच उजळून घेत, जुने पुसून टाकत आले होते.

“दुसरा जास्त स्वच्छ आहे,” लेक वृंदा म्हणाली.

“तिसऱ्यात रंग खुललाय,” नणंद म्हणाली.

तिळाचं कोणी नाव काढेना. तिन्ही चेहरे कुमुदकडे बघून ओळखीचं हसत होते. तिने चष्मा पुसून पुन्हा लावला.

“वृंदा,” ती शेवटी म्हणाली, “तुझे बाबा कसे दिसायचे, ते आपल्यापैकी कुणालाच आठवत नाहीये.”