देवाचा दिवस

सलोमीचा वर्ग बंद पडला, तर चर्चच्या रविवारच्या शाळेतली मुलं आपल्याकडे परततील, असा देवदान मास्तरांचा हिशेब. लाखो वर्षांपूर्वीचा, दगड झालेला शिंपला दाखवून कालची पोरगी मुलं पळवते, या जळफळाटात त्यांनी पाळकसाहेबांकडे तक्रार नेली, “देवाने सहा दिवसांत जग घडवलं, हे बायबलातलं सलोमी खरं मानत नाही.”

“मास्तर,” पाळकसाहेबांनी दोघांना समोरासमोर बसवल्यावर सलोमी म्हणाली, “सूर्य चौथ्या दिवशी झाला, मग आधीचे दिवस मोजले कसे, असं लहानपणी मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, ‘देवाचा दिवस आपल्या घड्याळात मावत नाही.’ तेच शिकवते.”

मास्तरांना आठवलं, पण कबूल करावं तर तक्रार बुडत होती. “छे! मी असलं कधी बोललोच नाही.”

“मग इतकं सुंदर वाक्य तुझंच, सलोमी,” पाळकसाहेब म्हणाले.

वर्ग तर तिचा राहिलाच, मास्तरांनी वाक्यही तिच्या पदरात घातलं.