दिवाणबाईंच्या कळा

कासवबेटाच्या राज्यात बोट एकच होती. आपल्या वाढदिवशी ती फुलांनी सजवावी आणि दिवसभर बेटाभोवती मिरवावं, एवढीच राजे उदयभानूंची इच्छा होती. हुकूम तयार होता. दिवाण सरोजिनी पडते यांची सही तेवढी बाकी होती.

सहीआधी दिवाणबाईंनी रिवाजाप्रमाणे कमरेला पट्टा बांधला. हुकुमामुळे ज्याचे सगळ्यात जास्त हाल होणार, त्याचं निम्मं दुखणं हा पट्टा सही करणाऱ्याच्या अंगात खेचून आणत असे. आधीचे दिवाण त्यापायीच शेजारच्या लोकशाहीत पळाले होते.

"आई गं!" दिवाणबाई टेबलावर ओणवल्या. पट्ट्यावर नाव उमटलं. "हौसा तांडेल अडलीय, महाराज! तिला पलीकडे दवाखान्यात न्यायला बोट हवी."

राजांनी खिडकीतून, बोटीवर आधीच चढवलेल्या झेंडूच्या माळांकडे एकदा पाहिलं. "न्या. फुलांसकट न्या. हुकूम रद्द! आता सोडा तो पट्टा."

"सोडू कशाला? बांधलाय तोवर तिला निम्म्याच कळा येतायत."

"अहो, पण नियमात असं कुठे आहे?"

"नियम बाळंत होत नाही, महाराज. हाय हाय!"

एवढा मोठा माणूस आपल्या पदरी नोकरीला आहे, हे राजांना आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी मुकुट उतरवून फायलींवर ठेवला, बाह्या सरसावल्या आणि दिवाणबाईंची कंबर चोळायला घेतली.

"जरा खाली," दिवाणबाई म्हणाल्या. "हां. आता असंच राज्य करा."