मऊ सीट

"हीपण नको. टोचते," आतून अप्पांचा आवाज आला.

सायकलच्या दुकानाच्या पायरीवर बसलेल्या माईंनी कपाळाला हात लावला. उभा जन्म या माणसाने फाटक्या सीटवर बसून गिरणीच्या पाळ्या केल्या, कधी हूं की चूं केलं नाही. आणि आता म्हातारपणी हे चोचले! माईंच्या कमरेचं दुखणं सुरू झाल्यापासून कॅरिअरच्या दांड्या त्यांना सोसत नव्हत्या. दोघांचं संध्याकाळी नदीवर जाणं बंदच पडलं होतं. आता हे मऊ सीटवर बसून एकटेच जाणार, असं त्यांच्या मनात आलं.

"अहो, आटपा की!" म्हणत त्या भिंतीला धरून उठल्या आणि दारातच थबकल्या.

नवी सीट सुतळीने कॅरिअरवर बांधली होती. तिच्यावर अप्पा बसले होते, दोन्ही पाय एकाच बाजूला सोडून, अगदी माई बसायच्या तसे. दुकानदार हसू दाबत, हँडल धरून सायकल गदागदा हलवत होता.

"आणखी जोरात हलवा," अप्पा डोळे मिटून म्हणाले. "नदीचा रस्ता फार खराब आहे. तिला दणका बसता कामा नये."

"उतरा खाली," माईंनी आवाज चढवला. "बसणार मी, आणि पसंत तुम्ही करणार होय?"

त्या बसल्या. अप्पा वाकून बघू लागले. "टोचतंय का गं?"

थोडं टोचत होतंच.

"छे! गादी आहे नुसती," माई म्हणाल्या. "चला, दिवस मावळायच्या आत नदीवर जाऊन येऊ."