सात नंबरचा चौकोन

"काका, सात नंबरमध्ये चादर कशी ओढली होती, ते एकदा सांगा," मॅडम म्हणाल्या.

चादरकाका दारातच थांबले. प्रयोगशाळेत त्यांना सगळे याच नावानं ओळखत. एकोणीस वर्षं त्यांचं एकच काम होतं. काठीला बांधलेली पांढरी चादर, दर चौकोनाची वेगळी, जंगलातल्या गवता-झुडपांवरून ओढायची, दर वीस पावलांवर ती उलटून बघायची आणि तिला चिकटलेले तिळाएवढे गोचीड चिमट्यानं उचलून बाटलीत टाकायचे. त्या गोचिडांत तापाचा विषाणू आहे की नाही, हे मॅडम बघत. वर्षानुवर्षं चाललं होतं, आणि दोघंही आता या कामाला पुरते कंटाळले होते.

"कशी म्हणजे? नेहमीसारखी."

"बसा."

काका बसले. टेबलावर जंगलाचा नकाशा पसरला होता, बारा चौकोनांचा. विषाणू सापडला तो चौकोन लाल, नुसते गोचीड सापडले तो पिवळा, काहीच नाही तो हिरवा. सात नंबर दोन वर्षं हिरवा होता. इतका हिरवा, की 'आत जाऊ नये' हा तिथला फलकही गेल्या वर्षी काढून टाकला होता.

"तुमच्या ताईंचा रिपोर्ट आलाय. गोचिडाचाच ताप आहे."

काकांनी मान हलवली. त्यांची थोरली बहीण सहा दिवस इस्पितळात पडून होती. पहिले चार दिवस डॉक्टर डेंग्यूच्या मागे लागले होते. त्यांचं तरी काय चुकलं? बाई शेळ्या घेऊन कुठं जात होती हे त्यांनी विचारलं, सात नंबर असं कळल्यावर नकाशा बघितला, आणि तिथं हिरवा रंग दिसला. मग त्यांनी डासांच्या तापाच्या सगळ्या चाचण्या एकेक करून पाहिल्या. एकही जुळेना, तेव्हा कुठं कुणाला तरी शंका आली आणि रक्त इकडं पाठवलं. तोवर ताईच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं.

"मीच सांगितलं होतं तिला," काका म्हणाले. "बाकी कुठं जाऊ नकोस म्हटलं, सातमध्ये खुशाल जा. ती विचारायची मला. दरवेळी विचारून जायची."

मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. वरून विचारणा आली होती. हिरव्या चौकोनात माणूस आजारी कसा पडला, याचं उत्तर संध्याकाळच्या आत हवं होतं. गोचीड नव्यानं आले असावेत, असं लिहून मोकळं होता आलं असतं. कुणी खोदून विचारलं नसतं.

"चादर कुठून ओढली, काका?"

काकांनी गुडघा दाबला.

"पायवाटेनं," ते म्हणाले. "आत काटेरी झुडपं आहेत, चढ आहे. गुडघा वळत नाही माझा. पहिल्यांदा वाटलं, आज राहू दे, पुढच्या महिन्यात आत जाऊ. पुढच्या महिन्यातही जिवावर आलं. मग शून्य लिहायची सवयच लागली."

पायाखाली तुडवलेल्या वाटेवर गोचीड बसत नाही, हे काकांनीच आजवर निदान तीस नव्या पोरांना शिकवलं होतं. कुणी वाटेवरून चादर ओढताना दिसला, की पाट्या टाकतोस का रे, म्हणून त्याला चारचौघांत झापायचे.

"किती वेळा?"

"दोन वर्षं."

"आणि बाकीचे हिरवे?"

"तीन नंबर खरा आहे. आईशपथ खरा आहे." काकांचं बोट नकाशावर पुढं सरकलं. "नऊ... निम्माच केलाय."

मॅडमनी नऊ नंबरवर पेन्सिलीनं फुली मारली. मग सातवर मारली. फोन उचलून त्यांनी वनखात्यात कळवलं, दोन्ही चौकोन बंद करा, शेळ्या आत असतील तर आत्ताच बाहेर काढा. पलीकडचा माणूस लेखी मागत होता. येतंय लेखी, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि कोरा कागद पुढं ओढला.

"माझं नाव घाला त्यात," काका म्हणाले. "सांभाळून घेऊ नका. रिटायरमेंटला दोन वर्षं आहेत म्हणून तर अजिबात नको. ताईला काय तोंड दाखवू मी?"

"घालते."

त्यांनी दोन ओळी लिहिल्या आणि पेन खाली ठेवलं. काका उठायच्या बेतात होते, पण गुडघ्यानं पुन्हा दगा दिला आणि ते खुर्चीचा हात धरून तसेच अर्धवट उभे राहिले.

"काका, धुण्या-शिवण्याचा माणूस गेल्यापासून तुमच्या चादरी मी घरी नेते, ठाऊक आहे ना?"

"हो."

"पूर्वी सातची चादर यायची ती चिंध्या होऊन. काटे काढता काढता बोटं सोलून निघायची, वर ठिगळं लावायची ती वेगळीच. दोन वर्षं झाली, एक टाका घालावा लागला नाही तिला."

काका पुन्हा खुर्चीत टेकले.

"मग विचारलं का नाहीत मला?"

"बरं वाटायचं हो," मॅडम म्हणाल्या. "तेवढंच एक काम कमी."