बिगरसभासदाची फांदी

१९७४ सालची गोष्ट. नागपुरात आमच्या कॉलनीतली बागवेडी मंडळी दर रविवारी जमायची आणि फांद्या, बिया, सल्ले फुकट वाटायची. मग रिटायर झालेल्या मनोहररावांनी त्याचं मंडळ केलं आणि वर्षाला दहा रुपये वर्गणी लावली. वर ठराव केला, की बिगरसभासदाला फांदी देईल त्याचं नाव कमी होईल.

दुसऱ्याच दिवशी मागच्या वस्तीतली जयवंता मंडळातल्या गोपिकाबाईंच्या फाटकात उभी राहिली. "बाई, जास्वंदीची एक फांदी द्या ना वं."

"द्याले बंदी आहे वं. माझं नाव काटतील." गोपिकाबाईंनी खुर्ची भिंतीकडे फिरवली. "पण चोरून नेलेली फांदी लवकर लागते म्हणतात. मी इकडे तोंड करून तांदूळ निवडून राहिली."

पावसाळा सरेपर्यंत मागच्या वस्तीत दारोदारी जास्वंदी दिसायला लागली. मनोहरराव तणतणत आले.

"चोऱ्या होऊन राहिल्या, भाऊ," गोपिकाबाई म्हणाल्या. "वर्गणी घेता, तर राखणदार ठेवा ना!"

मनोहररावांनी त्यांचं नाव काटलं. त्यांच्या पाठोपाठ एकेक जण यायचा थांबला.

गोपिकाबाई ऐंशी साली गेल्या. जयवंता मुलाकडे कळमेश्वरला राहायला गेली. मंडळात मनोहरराव आणि मी, दोघंच उरलो. एका रविवारी मी वैतागून विचारलं, "काहून लावली होती हो ही वर्गणी?"

"फुकट होतं तेव्हा लोकं फांदी घ्यायचे अन् चालले जायचे," मनोहरराव म्हणाले. "पैसे भरले तर घडीभर बसतील, असं वाटलं. घरी मी एकटाच ना."