बदक कुणी मागितलं?

आमच्याकडे सॉफ्टवेअरमधल्या प्रत्येक गोष्टीपुढे ती कुणी मागितली ते यादीत लिहावं लागतं. ही यादी कुणी वाचतं का बघावं, म्हणून मी हळूच क्लायंटच्या नावावर घुसडलं, 'सेव्ह केलं की बदक ओरडावं.' क्लायंटसकट सगळ्यांनी न वाचता सह्या ठोकल्या आणि प्रोग्रामरनं इमानदारीत बदक बसवलंसुद्धा!

ऑडिटच्या दिवशी साहेब भडकले. "हे बदक कुणाच्या डोक्यातून निघालं? सापडू दे, आजच घरी बसवतो!" त्यांनी थेट क्लायंटला फोन लावला, तोही स्पीकरवर. माझी पाचावर धारण बसली.



क्लायंट म्हणाला, "अहो, बदक आमचंच! पण ते दोनदा ओरडायचं ठरलं होतं ना?"